माझं नाव पुढे पाठवा: रोजगार मार्गदर्शन केंद्रांना एका उमेदवाराचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या जिल्हा रोजगार मार्गदर्शन केंद्रांचे अधिकारी, समुपदेशक, रोजगार मेळाव्यांचे आयोजक आणि या सगळ्यांसाठी नियम ठरवणारे मंत्रालयातले वरिष्ठ यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका केंद्रात मला सांगण्यात आलं की यापुढे माझं नाव कोणत्याही आस्थापनेकडे पाठवलं जाणार नाही. सांगणाऱ्या साहेबांचा आवाज चढलेला नव्हता. "तुमचं नाव पाठवायचं, तुम्ही चार दिवस जाणार आणि मग घाबरून घरी बसणार. त्या लोकांपुढे आमची पंचाईत होते," असं ते म्हणाले. मी विचारलं, हे लेखी मिळेल का? "यात लेखी देण्यासारखं काय आहे?" असं म्हणून त्यांनी माझ्यामागच्या मुलाला पुढे बोलावलं.

जिना उतरून मी एसटी स्टँडवर आले आणि समोरून तीन गाड्या जाऊ दिल्या. चौथीत बसले. घरी गेल्यावर आईला काय सांगायचं, ते दीड तासाच्या रस्त्यात सुचलं नाही. हे पत्र त्या दिवसापासून डोक्यात आहे.

केंद्राचं किंवा जिल्ह्याचं नाव मी लिहीत नाही. एका माणसाची बदली व्हावी एवढंच हवं असतं तर साधा तक्रार अर्ज केला असता. पण सरकारी दवाखान्यात मानसोपचार ओपीडीच्या बाकावर बसून दोन वर्षांत मी जितक्या जणांशी बोलले, त्यातल्या नोकरी शोधणाऱ्या बहुतेकांकडे अशी एखादी हकीकत आहे. एकाला "आधी पूर्ण बरे व्हा, मग या" म्हणून परत पाठवलं. एकीला तिने अर्जात प्रामाणिकपणे लिहिलेला गोळ्यांचा उल्लेख खोडायला लावला. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे आणि सगळ्यांनी वाचावं असं आहे.

माझं वय ३१. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आई आणि धाकट्या भावासोबत राहते. बी.कॉम. झाले, टॅली शिकले आणि पाच वर्षं मोंढ्यातल्या एका आडत दुकानात हिशेब लिहिला. सोयाबीनची आवक सुरू झाली की सकाळपासून शेतकऱ्यांच्या पट्ट्या बनवायच्या, हमाली-तोलाई वजा करायची, उचल दिलेली असेल तर ती कापायची आणि संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय उठायचं नाही. दहा रुपयांचा फरक असला तरी मी थांबून शोधत असे. ते काम मला आवडायचं. आजही आवडेल.

२०२१ च्या एप्रिलमध्ये वडील कोरोनाने गेले. ते दवाखान्यात होते तोवर आत कुणाला सोडत नव्हते. जे कळायचं ते फोनवर. शेवटचा फोन पहाटे चारला आला, अनोळखी नंबरवरून. त्यानंतर काही महिन्यांनी दुकानात फोन वाजला की माझी छाती धडधडायला लागली. मग फोन न वाजताही धडधडायची. दोन वेळा ईसीजी काढला, दोन्ही वेळा काही निघालं नाही. मावशीने दृष्ट काढली. शेजारच्या काकूंनी अंगारा दिला. त्यांची माया मी विसरणार नाही, पण त्या सगळ्यात आठ महिने गेले आणि मोंढ्यातली नोकरी सुटली.

मग डॉक्टरांनी त्याला नाव दिलं. चिंताविकार, आणि त्यात मधूनमधून पॅनिक अटॅक. शरीरात धोक्याची घंटा असते, माझी घंटा धोका नसतानाही वाजते. श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, समोरचं अंधूक होतं आणि आपण आता मरणार याची खात्रीच वाटते. दहाएक मिनिटांत हे शिगेला पोचतं आणि मग ओसरायला लागतं. भोवती गराडा पडला नाही, बसायला जागा मिळाली, तर माझं लवकर ओसरतं. गोळ्यांचा गुण दुसऱ्या दिवशी येत नाही, काही आठवडे जावे लागतात. मात्रा बदलली की पहिले काही दिवस उलट जास्त जड जातात. हे सगळं मी इथे लिहिते आहे, कारण तुमच्या टेबलासमोर मला हे कधी पूर्ण बोलू दिलं गेलं नाही.

आणि उपचाराचा सगळ्यात अवघड भाग गोळीत नाही. ज्याची भीती वाटते ते टाळत गेलं की भीती वाढत जाते, म्हणून थोडं थोडं करून तिला सामोरं जायचं असतं. मी आधी नुसती स्टँडपर्यंत जाऊन परत आले, असे बरेच दिवस. मग एक थांबा. मग आईसोबत जिल्ह्याच्या गावापर्यंत. मग एकटीने, खिडकीशी, मुठीत अर्धं तिकीट घट्ट धरून. दीड तासाचा तो प्रवास एकटीने जमायला मला सात महिने लागले. तुमच्या दारात मी पोचले ती एवढं मागे टाकून. तुम्हाला मात्र घाम पुसणारी, अडखळत बोलणारी एक बाई दिसली आणि हिला कामाची गरजच नाही असं तुम्ही ठरवलंत.

आता एकेक सांगते.

नोकरीसाठी नाव नोंदवायच्या शासनाच्या महास्वयं पोर्टलवर नोंदणी मी स्वतः केली. केंद्रात येऊन अर्ज देऊन सांगितलं की मला फोन घेता येत नाही, मेसेज किंवा ई-मेल करा, तासाभरात उत्तर देईन. त्यानंतर पाच वेळा फोनच आले. प्रत्येक फोननंतर मी त्या नंबरवर मेसेज पाठवला. माझ्या नावापुढे तरीही 'प्रतिसाद नाही' असा शेरा पडला. तो मी नंतर तुमच्या स्क्रीनवर पाहिला. माझे पाचही मेसेज तारीख-वेळेसकट माझ्याकडे आहेत. ज्याला चालता येत नाही त्याला तिसऱ्या मजल्यावर बोलवून 'आला नाही' असं लिहिलं तर आज कुणीतरी बोलेल. माझ्या बाबतीत कुणी बोललं नाही.

मग मेळावा. मंगल कार्यालयाचा हॉल, सकाळी दहाची वेळ दिलेली. पाहुणे आले साडेबाराला, तोवर टेबलं सुरू झाली नाहीत. माझं टोकन ४१२. लाऊडस्पीकरवरून नावं पुकारत होते आणि नाव आलं की गर्दीतून वाट काढत पळायचं, कारण लगेच पुढचं नाव यायचं. मुलाखती टेबलाला टेबल लावून सगळ्यांच्या देखत. शेजारच्या मुलाला इंग्रजी येत नाही हे तिथल्या पन्नास जणांना कळलं. मी तासन्‌तास हॉलमध्ये थांबले. माझ्यासाठी हे किती आहे, ते मी तुम्हाला कसं सांगू? साडेतीनच्या सुमारास, माझ्याआधी दहाएक नावं राहिली असताना मला अटॅक आला. बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसले. बारा मिनिटं. घड्याळ बघायला मला शिकवलेलं आहे, म्हणून नक्की माहीत आहे. परत आले तर नाव होऊन गेलं होतं. टेबलावरच्या मॅडमना मी घडलं ते सांगितलं, डॉक्टरांचा कागद दाखवला. "पुढच्या मेळाव्याला या," त्या म्हणाल्या. पुढचा मेळावा कधी, हे त्यांनाही माहीत नव्हतं. ज्या कंपनीला हिशेबनीस हवा होता, ती माणसं पाच वाजेपर्यंत तिथेच बसून होती.

त्याच दिवशी तुमच्या केंद्राच्या शिपाईमामांनी मला भिंतीशी बसलेलं पाहिलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही. पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला आणि थोडं लांब जाऊन उभे राहिले, कुणी भोवती जमू नये म्हणून. नंतर म्हणाले, "ताई, मला आधी सांगितलं असतं तर तुम्हाला मागच्या खोलीत बसवलं असतं. नाव आलं की मी आवाज दिला असता." पुढे मी केंद्रात गेले तेव्हा दोनदा त्यांनी तसं केलंही. दोन्ही वेळा मी शांतपणे आत गेले, नीट बोलले आणि परत आले. माझ्या सगळ्या मागण्या एका ओळीत सांगायच्या तर त्या मामांनी जे स्वतःहून केलं, ते तुमच्या नियमात यावं.

सगळ्यात जास्त दुखलेली गोष्ट अजून सांगायची आहे. समुपदेशनाची वेळ म्हणून मला बोलावलं होतं. समुपदेशन झालं ते काउंटरवर, मागे वीस माणसांची रांग असताना. "नेमकं काय होतं तुम्हाला? गोळ्या कसल्या चालू आहेत? झोपेच्या का?" रांगेत माझ्या गावचे दोघं होते. आठ दिवसांत ती गोष्ट गावभर झाली आणि भावाच्या सोयरिकीची बोलणी चालू होती तिथे पाहुण्यांनी विचारलं की मुलाच्या बहिणीला वेडाचे झटके येतात म्हणतात, खरं का? सोयरीक मोडली. भाऊ मला एका शब्दाने बोलला नाही. पण त्याच्या न बोलण्याचं ओझं मी रोज वाहते. या पत्राखाली मी नाव का लिहीत नाही, ते तुमच्या आता लक्षात आलं असेल.

त्या काउंटरवर सल्लेही मिळाले. योगा करा. मन खंबीर करा. लग्न झालं की सगळं जागेवर येईल. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. हेतू वाईट नसेलही, पण मी सल्ला मागायला आले नव्हते. बी.कॉम. आणि पाच वर्षांचा अनुभव घेऊन हिशेबाचं काम मागायला आले होते, आणि त्या अर्ध्या तासात माझ्या शिक्षणाबद्दल एकही प्रश्न कुणी विचारला नाही.

आता त्या "चार दिवस जाणार आणि घरी बसणार" याबद्दल. २०२४ मध्ये शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. १८ ते ३५ वयाच्या उमेदवारांना आस्थापनेत प्रत्यक्ष काम, आणि महिन्याला बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. मला ही योजना चांगलीच वाटते. माझ्यासारखीला पुन्हा कामाची सवय लावून घ्यायला अशीच पायरी हवी असते. अशाच एका प्रशिक्षणासाठी एका कार्यालयात मला हिशेबाच्या टेबलावर पाठवलं गेलं. चार नाही, एकोणीस दिवस मी सलग गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या नोंदवहीतला ३,४०० रुपयांचा न जुळणारा फरक शोधून दिला. एका पावतीची नोंद दोनदा झाली होती. विसाव्या दिवशी डॉक्टरांनी गोळी बदलली. चार दिवस उभं राहवत नव्हतं. पहिल्याच सकाळी मी मेसेज केला, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. पाचव्या दिवशी गेले तर खुर्चीवर दुसरा मुलगा होता. "केंद्राला कळवलंय, त्यांनी दुसरं नाव दिलंय." मला कुणी विचारलं नव्हतं, कळवलंही नव्हतं. तोच मुलगा टायफॉइडने चार दिवस घरी राहिला असता तर त्याला काढलं असतं का? मला नाही वाटत. त्याची विचारपूस झाली असती.

हे मी केंद्रात विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "मग दिव्यांग प्रमाणपत्र आणा." आणता आलं असतं तर आणलं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणातला १ टक्का त्याच्यासह आणखी काही प्रकारांसाठी आहे. पण आरक्षणाला किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की उपचार चालू आहेत, तू स्वतःचं सगळं करतेस, तू त्या मोजणीत बसणार नाहीस. म्हणजे प्रमाणपत्रासाठी मी पुरेशी आजारी नाही आणि तुमच्या काउंटरसाठी पुरेशी धडधाकट नाही. आम्ही बरेचजण या दोन दारांच्या मधल्या बोळात उभे आहोत.

मला आरक्षण नको आहे. मला मेसेज हवा आहे, ठरलेली वेळ हवी आहे, दार बंद होणारी एक खोली हवी आहे. यासाठी ४० टक्के कशाला? मी वकील नाही, हिशेब लिहिणारी आहे, पण जे वाचता आलं ते वाचलं. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, परीक्षेत लेखनिक मिळावा म्हणून भांडणाऱ्या उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, वाजवी सोय, म्हणजे माणसाच्या अडचणीनुसार करून दिलेला छोटा बदल, नाकारायला ती अट पुढे करता येणार नाही, असा त्याचा गाभा आहे. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की मानसिक आजार असलेल्या माणसावर आजाराशी निगडित वागण्यावरून शिस्तभंगाची कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे. बंदुका सांभाळणाऱ्या दलातल्या माणसाला जे संरक्षण मिळतं, ते रोजमेळ लिहिणारीला का मिळू नये?

आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आहे. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याचं कलम २१ सांगतं की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आरोग्यसेवेत शारीरिक आजाराच्या व्यक्तीइतकीच समान वागणूक मिळाली पाहिजे. कलम २३ आपल्या मानसिक आरोग्याची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क देतं. ही दोन कलमं मुख्यतः दवाखान्यांना उद्देशून आहेत, असं तुम्ही म्हणाल. मग कलम ३० वाचा. पोलीस आणि शासनाच्या इतर अधिकाऱ्यांना या विषयावर वेळोवेळी संवेदनशीलतेचं प्रशिक्षण द्यायचं, अशी जबाबदारी त्यात शासनावरच टाकली आहे. 'इतर अधिकारी' म्हणजे तुम्हीही. तुमच्यापैकी किती जणांना असं प्रशिक्षण मिळालं, हे मला जाणून घ्यायचं आहे. मिळालं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही, पण ते मागण्याची जबाबदारी तुमचीही आहे.

मराठवाड्यात चिंता या शब्दाचा अर्थ शासनाला नव्याने शिकवावा लागत नाही. शेतकरी आत्महत्या होणाऱ्या जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये राज्याने प्रेरणा प्रकल्प सुरू केला. कर्जाची, नापिकीची काळजी आजार होऊ शकते आणि त्यावर उपचार असतो, हे तेव्हा शासनाने स्वतः मान्य केलं. आशाताई घरोघर विचारपूस करायला लागल्या. बापाच्या काळजीला आजार मानणारं शासन त्याच्या बेरोजगार मुलाच्या काळजीला आळस कसं म्हणू शकतं? दोन खाती वेगळी आहेत एवढंच ना? माझी आणि त्यांची काळजी तर एकाच घरातून येते.

माझी आजी ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला होती. तिथे खायला मिळणाऱ्या सुकडीच्या गोष्टी सांगायची. आणि एक सांगायची की त्यांचा मुकादम ओल्या बाळंतिणींना आणि लेकुरवाळ्या बायांना झाडाखालची जागा द्यायचा आणि हलकी खडी द्यायचा. हजेरी मात्र सगळ्यांची सारखी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या त्या योजनेचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा, हे महाराष्ट्राने लिहून ठेवलं. कामाचा हक्क असा कागदावर आणणाऱ्या राज्यातल्या रोजगार केंद्रात आज काम मागणाऱ्या माणसाला तोंडी सांगून यादीतून काढता येतं. हे मला मान्य नाही.

तुमच्याकडेही अडचणी आहेत, मला दिसतात. दोन टेबलांचं काम एकजण करतो. पोर्टल बंद पडतं आणि शिव्या तुम्ही खाता. मेळाव्याचे आकडे वर पाठवायचे असतात. मी बाकावर बसून हे पाहिलं आहे. म्हणून इमारती आणि नव्या योजना यातलं काहीही मी मागत नाही.

मागते ते असं. नोंदणीच्या अर्जात 'संपर्क कसा करावा' असा एक रकाना ठेवा आणि ज्याने मेसेज किंवा ई-मेल लिहिलं त्याला तसाच संपर्क करा. 'प्रतिसाद नाही' हा शेरा त्या मार्गाने विचारल्याशिवाय मारू नका.

मेळाव्यात वेळेची पट्टी द्या: तुमचा नंबर दोन ते अडीचच्या दरम्यान. तासन्‌तास हॉलमध्ये उभं राहायची गरज कुणालाच नाही, लेकुरवाळ्या बाईला नाही आणि मलाही नाही. आवाज आणि गर्दी नसलेली एक खोली बाजूला ठेवा. सोबत एक माणूस येऊ द्या. नाव चुकलं तर त्याच दिवशी शेवटी आणखी एकदा पुकारा.

समुपदेशन बंद दाराआड करा. आजाराबद्दल विचारायचंच असेल तर एवढंच विचारा: "तुम्हाला काम करताना कशाची मदत लागेल?" या प्रश्नाचं उत्तर मी नीट देऊ शकते. औषधांची नावं तुम्हाला कळण्याचं काही कारण नाही आणि रांगेला तर मुळीच नाही.

ज्या आस्थापनेकडे उमेदवार पाठवता, तिच्याकडून 'नको' आलं तर आधी उमेदवाराला विचारा. वैद्यकीय कारणाची रजा ही रजाच धरा, मग आजार पोटाचा असो की मनाचा. कुणाचं नाव पाठवणं थांबवायचं असेल तर कारण लेखी द्या, सही-शिक्क्यासह, आणि त्यावर दाद कुठे मागायची तेही लिहा. ही मागणी मी सगळ्यात वर ठेवते. तोंडी सांगितलेल्या गोष्टीशी भांडता येत नाही.

वर्षातून एकदा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या तज्ज्ञांना केंद्रात बोलवा. ते त्याच जिल्ह्यात, तुमच्याच सरकारात आहेत. अर्धा दिवस पुरेल. समोरच्याला पॅनिक अटॅक आला तर काय करायचं आणि काय बोलायचं नाही, एवढं शिकलात तरी खूप आहे. आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर भिंतीवर लावा. ऑक्टोबर २०२२ पासून तो आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीतून बोलता येतं. फोनची एवढी भीती असलेल्या मी तो एका रात्री स्वतःहून लावला होता. पलीकडच्या ताईंनी घाई केली नाही. मी पहिली दोन मिनिटं काहीच बोलले नाही, तरी त्या थांबल्या.

मंत्रालयातल्या वरिष्ठांना वेगळं एकच सांगायचं आहे. मेळाव्याला किती आले आणि किती निवडले गेले, याचे आकडे तुम्ही मागवता. किती जण दारापर्यंत येऊन परत गेले, कितींची नावं तोंडी बंद झाली, हेही मागवा. केंद्रांना तो रकाना भरावा लागला तर त्यांचं लक्ष तिकडे जाईल.

माझं म्हणाल, तर डॉक्टरांचं मत लेखी आहे: नियमित काम तिच्या तब्येतीला हिताचं आहे. ते पत्र मी तुमच्या त्या केंद्रात जमा केलं आहे, पोच घेतली आहे. घरी बसून माझा आजार वाढतो. गेल्या महिन्यापासून मी पुन्हा स्टँडपर्यंतच जाते आहे, त्यापुढे पाय निघत नाही. सात महिन्यांचं काम एका वाक्याने मागे गेलं. ते मी परत करीन, मला जमेल. पण त्या रस्त्याच्या शेवटी तुमचं दार उघडं आहे की नाही, ते मला आधी कळायला हवं.

माझी नोंदणी अजून चालू आहे. हिशेब, टॅली, जीएसटीच्या नोंदी, पाच वर्षांचा अनुभव. कुठल्याही शांत कोपऱ्यातलं टेबल चालेल, पगार रीतसर असावा. नाव पुढे पाठवलंत की कळवा. मेसेजने.

आपली विश्वासू,
एक नोंदणीकृत उमेदवार